मर्चंट की हजारे?

आठवीत मधल्या सुट्टीत आपल्या मैदानावर रबरी चेंडूची मॅच व्हायची, ती ‘भारत-पाकिस्तान’. मुलींना बॅट कोणी देत नसे, म्हणून मी स्कोअर लिहायची. शंभर पानी वहीत डावीकडे भारत, उजवीकडे पाकिस्तान. मोहल्ल्यातून येणारा आपल्या वर्गातला मित्र कायम उजवीकडे असायचा. त्याला कोणी विचारलं नव्हतं. १९९२-९३ च्या त्या हिवाळ्यात तर मुळीच नाही. आणि त्याचं नाव त्या पानावर दर वेळी माझ्याच हाताने लिहिलेलं होतं.

ती वही इतिहासाच्या सरांच्या हाती लागली. आता सगळ्यांना उभं करणार असं वाटलं. सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि फळ्यावर दोन नावं लिहिली: विजय मर्चंट, विजय हजारे. “श्रेष्ठ कोण? हात वर करा.”

आपण तेव्हा तेंडुलकर-कांबळी वादात गुंतलेलो. ही नावं आजोबांच्या काळातली. सरांनी एवढंच सांगितलं की मर्चंट मुंबईचे, हजारे बडोद्याकडून खेळायचे. बहुतेक हात मर्चंटसाठी वर गेले. मग सर म्हणाले, हजाऱ्यांचा जन्म सांगलीचा, मराठी माणूस. निम्मे हात फिरले. फलंदाजीबद्दल अजून एक शब्दही निघाला नव्हता!

त्यानंतर सरांनी १९४३ सालची गोष्ट सांगितली. ती पुढे मी जमेल तशी पडताळत गेले.

मुंबईत १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आले, आणि १९३७ मध्ये पाचवा संघ आला, ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. ख्रिश्चन, ज्यू वगैरे जे कुठेच बसत नव्हते ते सगळे यात. हजारे ख्रिश्चन, म्हणून ते ‘इतर’मध्ये. सर म्हणाले, आपल्या पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाणारा एखादा पोरगा चांगला खेळत असता, तर तोही ‘इतर’मध्येच गेला असता. घरी मराठी बोलणारा, इथल्याच गल्लीतला मुलगा.

डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत, हिंदू विरुद्ध इतर. स्पर्धेतली सर्वोच्च धावसंख्या मर्चंटची होती, नाबाद २४३. त्याच मोसमात हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ काढून ती मागे टाकली होती. अंतिम सामन्यात मर्चंटनी नाबाद २५० करून विक्रम परत घेतला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘इतर’ १३३ मध्ये आटोपले, त्यात ५९ हजाऱ्यांचे. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात समोरून विकेट पडत असताना धाकटा भाऊ विवेक खेळायला आला. दोघांनी मिळून ३०० ची भागी केली, त्यात विवेकच्या धावा २१. संघाच्या एकूण ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे, आणि तरीही सामना एक डाव ६१ धावांनी हरले. काही आठवड्यांतच मर्चंटनी रणजीमध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढले. काय माणसं होती!

आता आकड्यांकडे वळते, नाहीतर माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. प्रथम श्रेणीत मर्चंटची सरासरी ७१.६४, जगात त्यांच्या वर ब्रॅडमन. हजाऱ्यांची ५८.३८. विषय संपला असं वाटतं ना? पण कसोटीत बघा: मर्चंट ४७.७२, हजारे ४७.६५. मर्चंटच्या खात्यात दोन धावा कमी पडल्या असत्या तर हजारे पुढे गेले असते. त्यातही मर्चंटच्या दहाही कसोट्या इंग्लंडविरुद्ध, महायुद्धाने त्यांची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. हजाऱ्यांनी ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलरसमोर एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केले, आणि त्या मालिकेत ब्रॅडमनना दोनदा त्रिफळाचित केलं. भारताचा पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये मद्रासला मिळाला, तेव्हा कर्णधार हजारेच. माझं मत मात्र मर्चंटकडे आहे. सरासरी ७१ असणं म्हणजे वर्षानुवर्षं चूक न करणं. ते किती कठीण असतं हे रोज दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला विचारा.

गांधीजींनी १९४० मध्येच या धर्मवार सामन्यांना विरोध केला होता. तरी मैदान भरत राहिलं, कारण क्रिकेट उत्तम होतं, हेही मान्य करायला हवं. १९४५-४६ नंतर ही स्पर्धा थांबली.

सरांनी शेवटी १९५१ च्या दिल्ली कसोटीचं सांगितलं. तेव्हा मर्चंट आणि हजारे एकाच संघात. तिसऱ्या विकेटला दोघांची २११ ची भागी. मर्चंट १५४, इंग्लंडविरुद्ध भारतीयाची तोवरची सर्वोच्च खेळी. आणि त्याच डावात हजारे नाबाद १६४, म्हणजे तो विक्रमही गेला. मर्चंटची ती अखेरची कसोटी. “इथे दोघांची नावं स्कोअरबुकात एकाच बाजूला आहेत,” एवढं म्हणून सरांनी माझी वही मला परत दिली. घंटा झाली.

दुसऱ्या दिवसापासून संघ हजेरी क्रमांकावर पडू लागले, सम आणि विषम. हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. सरांनी नक्कीच नाही. मी त्या मित्राची माफी मागितली नव्हती. तेव्हा सुचलं नाही आणि नंतर शाळाच संपली. मागच्या वर्षी बॅचच्या तयारीच्या बैठकीत तीस वर्षांनी भेटलो तेव्हा ती मागितली. तो हसला, म्हणाला, “वहीत माझे रन्स तरी बरोबर लिहिलेस ना?” वही आईने कधीच रद्दीत घातली आहे, त्यामुळे पुरावा नाही. तो सम होता, मी स्कोअरर. आणि तो अजून हजाऱ्यांच्या बाजूने आहे. ‘८० टक्के’ एवढं एकच त्याचं उत्तर. स्नेहसंमेलनात चहाच्या वेळी आमचा वाद पुढे चालू राहणार आहे, ज्यांना हात वर करायचा असेल त्यांनी यावं.