कडब्याचा हिशेब

येळवशीच्या आदल्या रात्री भज्जीचं सामान निवडायला बसलं की आजी रानांची नावं घ्यायची. तुरीच्या शेंगा खालच्या पट्टीतल्या, हरभरा विहिरीकडचा, वाल बांधावरचा. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर-नांदेडकडं शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडतात, आंबिल आणि उंडे होतात. भज्जीचं पातेलं म्हणजे त्या साली कुठं काय पेरलं होतं याचा पंचनामाच.

औश्याकडच्या आमच्या रानात आज्याचा नियम एकच होता, ज्वारीवर ज्वारी नको. "ज्वारी रान खाती," म्हणायचा. मुगाचा किंवा उडदाचा बेवड मिळाला तर त्यावर रब्बीची ज्वारी, आणि ज्वारीच्या धसकटांवर पुढच्या पावसाळ्यात दुसरं काहीतरी. खरिपाच्या ज्वारीत तुरीचं तास असायचंच. आजोळ कंधारकडचं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी निजामाच्या राजवटीतला गावरानी कापूस होता, नांदेडला जाणाऱ्या गाड्या होत्या, उस्मानशाही मिलचा भोंगा होता. कापूस एक साल, ज्वारी एक साल, हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

ज्वारी रान खाते याचा अर्थ मला फार उशिरा कळला. धसकटांत कार्बन भरपूर, नत्र थोडं. ती कुजवायला बसलेले जिवाणू आणि बुरश्या मातीतलं नत्र आधी स्वतःकडं ओढून घेतात आणि मागून आलेलं पीक पिवळं पडतं. शिवाय ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिऑन नावाचं द्रव्य झिरपतं. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ते आवरतं, कोवळ्या तणांनाही दाबतं. पण तीच धसकटं सावकाश कुजतात म्हणून मातीतल्या बुरश्यांना बरेच दिवस पुरतात, आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. तुरीच्या मर रोगाची बुरशी जुन्या मुळांच्या अवशेषांवर जमिनीत काही वर्षं तग धरते. तुरीशेजारी ज्वारी असली की मर कमी होते, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या प्रयोगांत दिसलं. आमच्याकडं ते तास होतंच.

हरभऱ्याचं झाड उपटून आज्या मुळावरच्या गाठी नखानं फोडायचा. आत गुलाबी निघाली की समाधानानं पुढं चालू लागायचा. अशा गाठींतला जिवाणू 1888 साली नेदरलँड्समध्ये बायरिंक यांनी वेगळा करून वाढवला होता. आज्याला बायरिंक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि त्यावाचून त्याचं अडलंही नाही.

मात्र आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडं ज्वारी होती ती बैलांमुळं. दावणीला जनावरं होती, त्यांना वर्षभर कडबा लागायचा, म्हणून काही रान ज्वारीखाली जायचंच. उरलेलं ठरायचं भाकरी, वरण आणि तेल यांच्या गरजेवर, म्हणून करडईही असायची. फेरपालट झाली ती पोटापायी. मातीतल्या जिवाणूंचं त्यात आपोआप साधलं. आणि चुकाही होत्या. रब्बीसाठी राखलेलं भारी रान सबंध पावसाळा वखरून मोकळं ठेवायचे. उघडी काळी पावसानं धुपून जायची, आणि जिवंत मुळांवर जगणाऱ्या मायकोरायझा बुरश्यांना तेवढे महिने आसरा नसायचा.

मग ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. बैल गेल्यावर कडबा कुणासाठी? जेएस-335 हे सोयाबीनचं वाण 1994 साली आलं, पुढं परभणी विद्यापीठाचं एमएयूएस-71 आलं, लातूरची बाजारपेठ जवळच. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, पुन्हा सोयाबीन. दोन्ही पिकं शेंगवर्गीय, तेव्हा जमिनीला चांगलीच, अशी समजूत आमच्या गावात पक्की आहे. अर्धीच खरी आहे ती. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं इतकी, की गाठींनी मिळवलेलं बरंचसं नत्र पोत्यात भरून आडतीवर जातं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, एकाच्या गाठी दुसऱ्याच्या कामाच्या नाहीत. उलट मानकुजीची स्क्लेरोशियम बुरशी दोघांनाही धरते. मोहरीएवढ्या दाण्यांच्या रूपात ती मातीत दबून राहते आणि तिला दर हंगामात आयतं यजमान मिळतं.

हे सगळं मी चुलतभावाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, मूग पेरतो. काढणीत पाऊस आला की शेंगा झाडावरच उगवत्यात. ज्वारी पेरतो. काढायला माणसं कोण देणार? रानडुकरं कोण हाकणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पुण्यात राहतो.

त्यानं त्याच्यापुरता मार्ग काढलाय. सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन. तुरीची मुळं खोल जातात, पाला जागच्या जागी गळतो. सोयाबीनची गुळी तो आता पेटवत नाही, रानातच पसरतो. एक एकर ज्वारीचंही बोलणं चाललंय, पण ते शेजाऱ्याच्या म्हशींसाठी. शेजारी आगाऊ पैसे द्यायला तयार आहे. पेंढीचा भाव तेवढा अजून ठरायचाय.