वाचून दाखवला, समजला

शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारात म्हणा, नाहीतर एखाद्या वस्तीतल्या समाजमंदिरात म्हणा, मोफत कायदा सल्ल्याचं टेबल मांडलं की समोर येऊन बसणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक कॅरीबॅग असते. तिच्यात घड्यांवर चिरलेले कागद असतात. भाडेकरार, पतसंस्थेची नोटीस, कोर्टाचं समन्स, गावाकडचा सातबारा, रेशनकार्डाची झेरॉक्स, नि कशाकशाच्या पावत्या. टेबलापलीकडची स्वयंसेवक मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असते. हक्क, दाद, कलम असले शब्द तिनं मनात तयार ठेवलेले असतात. पण पहिला प्रश्न हक्काचा येतच नाही. "ताई, ह्यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा," असा तो येतो.

मोफत कायदा सल्ल्याची कुळकथा सांगायची तर या प्रश्नापासूनच सांगायला हवी, असं मला वाटतं. एरवी ती मोठ्या वकिलांच्या औदार्यापासून सांगितली जाते, किंवा राज्यघटनेतल्या कलमापासून. दोन्ही खरंच आहे. पण पुण्यात तरी या कामाचं मूळ कागदात आहे. कागद एकजण लिहितो आणि त्यानं बांधला दुसराच जातो, तेव्हा मधे बसून तो वाचून दाखवणारं कुणीतरी लागतं.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आणि पुणे-नगर भागात गावोगाव पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे त्यांना हवे होते. सावकारानं ते मुकाट्यानं बाहेर काढून दिले तिथं बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद चौकात आणून जाळले गेले.

एवढा राग कागदावर का, हे समजायला १८५९ चा मुदतीचा कायदा पाहावा लागतो. रोख्यावर दावा लावायची मुदत त्यानं तीन वर्षांवर आणली. कर्जदाराचं भलं व्हावं हा हेतू होता. झालं असं, की दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा फाडून नवा लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज मुद्दलात जमा होऊ लागलं. कुणब्याला अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी नांगराचं चित्र काढायचं आणि शेजारी लिहिणाऱ्यानं 'निशाणी नांगर' असं लिहायचं, ही रीत जुनी. नांगर त्याचा स्वतःचा असे, वरचा मजकूर मात्र दुसऱ्याचा. पुढे समन्स निघे, कुणबी तालुक्याला जात नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे अशा एकतर्फी निकालांचा प्रश्न ठळकपणे आला. न्यायालयं होती, दरवाजेही उघडे होते. पण ज्याच्यावर दावा लागला त्याला आत काय चाललंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

दंग्यांच्या पाच वर्षं आधी पुणे शहरात उलट दिशेनं जाणारा एक कागद जन्माला आला होता. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, त्या मांडण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा उभी राहिली. तिच्यामागचे गणेश वासुदेव जोशी साताऱ्याहून पुण्याला वकिलीसाठी आलेले. सभेनं त्यांना 'सार्वजनिक काका' हे नाव दिलं आणि पुण्यानं ते कायमचं ठेवलं. सभेचा नियम असा, की ज्याला सभासद व्हायचं त्यानं निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणावं. म्हणजे मी लोकांच्या वतीनं बोलतो, असं नुसतं म्हणून भागत नसे. लोकांनी तसं लिहून द्यावं लागे.

हा नियम वकिलाच्याच डोक्यातून निघाला असणार. वकील हा अरबी शब्द आहे, ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील. पेशवाईत दिल्ली-हैदराबादच्या दरबारी बसून पत्रं पाठवणारे होते तेही वकीलच. सरकारी सनद घेऊन कोर्टात उभा राहणारा वकील इंग्रजी अमलात आला. तिन्ही काळांत त्या शब्दाचा गाभा एकच राहिला, सोपवणारा आधी आणि बोलणारा नंतर. मोफत सल्ल्याच्या टेबलावर हा क्रम विसरायला फार सोपं असतं, कारण समोरच्यानं पैसे दिलेले नसतात. सार्वजनिक काकांनी पैशाच्या जागी सही ठेवली. म्हणून मी त्यांना या कामाचा मूळपुरुष मानतो. त्यांच्या सभेनं तंटे घरच्या घरी मिटावेत म्हणून लवाद कोर्टंही चालवून पाहिली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात उभं राहण्याचं धैर्य दाखवणाऱ्यांत काका होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्याच १८७९ सालात सुप्याच्या जाळपोळीला सरकारनं उत्तर दिलं. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. व्याजाचा मागचा हिशेब उकरून काढायचा अधिकार त्यानं न्यायाधीशाला दिला, म्हणून तो प्रसिद्ध आहे. माझं लक्ष मात्र त्यातल्या दोन साध्या तरतुदींवर खिळतं.

पहिली गाव-निबंधकाची. शेतकऱ्यानं लिहून द्यायचा दस्तऐवज या निबंधकासमोर व्हायचा. त्यानं मजकूर मोठ्यानं वाचायचा, लिहून देणाऱ्याला तो कळला आहे याची खात्री करायची आणि मगच निशाणी घ्यायची. वाचून दाखवण्याला कायद्यानं दिलेला हा हुद्दाच म्हणायचा.

दुसरी तरतूद वकिलांबद्दलची. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात वकील सहसा नकोच, असं या कायद्याचं धोरण होतं. त्याहून मोठ्या दाव्यात सावकाराच्या बाजूनं वकील उभा राहिला आणि शेतकऱ्याची वकील लावण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर शेतकऱ्याच्या संमतीनं त्यानं सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या कुणा योग्य माणसाला शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहायला सांगावं. ऐपत नसणं, समोरच्याकडे वकील असणं, स्वतःची संमती आणि तयार असलेला योग्य माणूस, आजच्या विधी सेवेची सगळी हाडं त्या एका कलमात आहेत. 'तयार असलेला' या शब्दांपाशी मी दर वेळी थांबतो. स्वयंसेवक कायद्याच्या पुस्तकात शिरला तो या शब्दांतून. महादेव गोविंद रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे खास न्यायाधीश होते, त्यासाठी ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले.

तयार असलेली माणसं पुण्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. सार्वजनिक सभा तेव्हा टिळकांच्या हाती आलेली होती. टिळक स्वतः एलएल. बी. त्यांनी आयुष्यभर वकिली केली नाही, पण कायद्याचा वर्ग चालवून कित्येक वकील तयार केले. दुष्काळात सरकारनं काय करायचं, साऱ्याची सूट-तहकुबी कधी द्यायची, कामं कुठे काढायची, हे सगळं सरकारच्याच दुष्काळसंहितेत छापलेलं होतं. ती संहिता इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. सभेनं तिचा सारांश मराठीत काढला, पत्रकं छापली आणि ती देऊन माणसं गावोगाव पाठवली. शिवरामपंत परांजप्यांसारखे प्राध्यापक त्यात होते. चावडीपुढे उभं राहून ते सांगत होते, की सरकारचाच कायदा असं म्हणतो, त्याप्रमाणे अर्ज करा. 'केसरी' हेच आठवड्याआठवड्याला लिहीत होता.

दंगा नको, कर्ज काढून सारा भरू नका, कायदा वाचा आणि मागा. आजच्या भाषेत याला कायदेविषयक जनजागृती शिबिर म्हणतात आणि त्याला अधिकारी पाहुणे म्हणून येतात. तेव्हा सभेच्या काही माणसांवर खटले भरले गेले. १८९७ साली सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली, तिची निवेदनं यापुढे सरकार विचारात घेणार नाही असं कळवलं. गरिबाला त्याच्या भाषेत कायदा वाचून दाखवणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते राज्यकर्त्यांना बरोबर कळलं होतं.

पुढची वर्षं भराभर ओलांडतो. १९२४ साली पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं लॉ कॉलेज सुरू झालं आणि टेकडीखालच्या त्या रस्त्याचं नावच लॉ कॉलेज रोड पडलं. कोर्ट फी भरायची ऐपत नसलेल्याला फीशिवाय दावा लावायची सोय दिवाणी संहितेत होतीच. तिच्यातला 'पॉपर' हा शब्द १९७६ साली गेला आणि निर्धन व्यक्ती असं म्हटलं जाऊ लागलं. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम ३९-अ आलं आणि मोफत विधी साहाय्य राज्याच्या कर्तव्यांत लिहिलं गेलं. कर्तव्य लिहिलं गेलं, पण कागद वाचून दाखवायचा कुणी, हा प्रश्न राहिलाच होता. तो पुन्हा पुण्यातूनच वर आला.

'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं तो निकाल कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात. १७ ऑगस्ट १९७८, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका माणसाची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली होती. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि शिक्षा भोगून झाली होती. इतका उशीर का, असं विचारल्यावर तो म्हणाला, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. उच्च न्यायालयानं ती वेळेत येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगाकडे पाठवली होती. कैद्याला दिली, असं तुरुंगाचं म्हणणं. मिळाली नाही, असं कैद्याचं. पोचपावती नव्हती.

त्याचं अपील न्यायालयानं फेटाळलं. पण त्या न मिळालेल्या कागदावरून देशभराचे नियम घालून दिले. कैदेची शिक्षा दिली तर निकालाची प्रत मोफत द्यायची. तुरुंगानं ती कैद्याच्या हातात द्यायची आणि लेखी पोच घ्यायची. त्याची ऐपत नसेल आणि त्याची हरकत नसेल, तर न्यायालयानं त्याला सक्षम वकील द्यायचा आणि खर्च सरकारनं सोसायचा. पुन्हा तीच हाडं दिसतात, कागद, ऐपत, संमती. फरक एवढाच, की १८७९ मध्ये न्यायाधीशाच्या मर्जीवर असलेलं आता घटनेच्या एकविसाव्या कलमाखाली कैद्याचं झालं. पाच वर्षांनी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे गेला. अटक झाल्याची खबर विधी साहाय्य समितीला ताबडतोब पोचली पाहिजे, असं त्यातून ठरलं.

विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला १९८७ ला, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. 'मदत', 'साहाय्य' हे शब्द मागे पडून 'सेवा' आला. माणसाला तो शब्द उच्चारायला जड जातो, पण तो योग्य आहे, कारण सेवा मागताना मान खाली घालावी लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर कोर्टात आहे आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं यांना तर उत्पन्न विचारायचंच नाही. टेबलावर बसणाऱ्याला हे सर्वांत जास्त वेळा सांगावं लागतं. धुणीभांडी करणाऱ्या मावशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन दिवसांची कामं बुडवून आलेल्या असतात आणि त्यांना तो लागणारच नसतो. १ ऑक्टोबर १९९४ च्या सरकारी अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या तंट्यात स्त्रियांची कोर्ट फी माफ आहे, हेही असंच पुन्हा पुन्हा सांगायचं.

कायद्याच्या विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, त्याला सनद लागते. विधी महाविद्यालयांच्या केंद्रांतली मुलं आणि प्राधिकरणाचे पीएलव्ही, म्हणजे पॅरालीगल स्वयंसेवक, जे करतात ते म्हणूनच जुन्या गाव-निबंधकाच्या जवळचं आहे. कॅरीबॅग रिकामी करायची, कागद तारखांप्रमाणे लावायचे. कोणता कोर्टाचा आणि कोणता नुसताच धमकीचा, ते वेगळं काढायचं. वकिलाच्या नोटिशीवर अशोकस्तंभ नसतो, ती कोर्टाची नसते, हे कळलं की समोरचा उतरलेला चेहरा अर्धा वर येतो. समन्सवरची तारीख मोठ्या आकड्यांत वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यायची. त्या तारखेला गेलं नाही तर काय होतं ते सांगायचं, कारण एकतर्फी हुकूमनामे १८७५ मध्ये संपले नाहीत. पुढचं काम पॅनेलवरच्या वकिलाकडे सोपवायचं, आणि त्यानं तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हेही बजावून सांगायचं.

माझं या कामाबद्दल एक म्हणणं आहे आणि ते मी नव्या मुलांना दर वर्षी सांगतो. घाईनं उपाय सांगू नका. आधी अख्खा कागद वाचा, मोठ्यानं वाचा, समोरच्याच्या बोलीत वाचा. न्यायनिर्णय, वादी, तूर्तातूर्त मनाई हे शब्द तसेच पुढे ढकलू नका.

शेवटी अर्ज लिहिला जातो. सही येत नसेल तर खाली 'निशाणी डावा अंगठा' असं लिहायचं, नांगराच्या जागी आता अंगठा आला आहे. प्रतिज्ञापत्र असेल तर आणखी एक ओळ घालावी लागते, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व बरोबर आहे. ती ओळ घातली म्हणून आजी लगेच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतात असं नाही. पुष्कळदा त्या कागदावर हात ठेवतात आणि म्हणतात, "ते मधलं, घराचं लिहिलंय ते, परत वाच गं बाई." मुलगी घड्याळाकडे न बघता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागते.