लैंगिक अत्याचारपीडितेविषयीची समाजदृष्टी : मानसशास्त्रीय संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आल्यावर आरोपीच्या कृत्याआधी पीडितेचे चारित्र्य तपासले जाते. या प्रवृत्तीची कारणे पीडितेत नव्हे, तर तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या मनात शोधणारे प्रायोगिक संशोधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आले.

संशोधनाचे टप्पे

अमेरिकेत मेल्विन लर्नर व कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचे धक्के बसत असल्याचा अभिनय करणारी स्त्री विद्यार्थिनींना दाखविण्यात आली. तिचे हाल पुढेही चालू राहणार, असे वाटताच त्यांनी तिलाच कमी लेखले. ‘करावे तसे भरावे’ ही श्रद्धा टिकविण्यासाठी मनुष्य निरपराध व्यक्तीतही दोष शोधतो, असे प्रतिपादन लर्नर यांनी केले.

जोन्स व अ‍ॅरन्सन यांच्या १९७३ च्या अभ्यासात बलात्कारपीडित विवाहितेला घटस्फोटितेपेक्षा अधिक दोष दिला गेला. फेल्डमन-समर्स व लिंडनर यांना १९७६ मध्ये याउलट कल आढळला. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी दोषाचे माप पीडितेच्या प्रतिष्ठेनुसार बदलत होते, हे दोन्हींत समान होते.

मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये मिनेसोटातील ५९८ प्रौढांच्या मुलाखतींवर आधारित मापनश्रेणी मांडली. स्त्रीने मनापासून प्रतिकार केल्यास बलात्कार टळतो, हा त्यांनी तपासलेल्या समजांपैकी एक होता. स्त्री-पुरुष भूमिकांविषयीच्या साचेबंद कल्पना व हिंसेची स्वीकृती यांच्याशी अशा समजांचा संबंध दिसून आला.

भारतीय संदर्भ

हाच समज भारतीय न्यायनिर्णयांतही डोकावत होता. देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या घटनेवरील खटल्यात सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वसंबंधांकडे बोट दाखवून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी आलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन १९७८ मध्ये त्यांची मुक्तता केली. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धगमवार या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशव्यापी चळवळीस चालना दिली. १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत, शरीरसंबंध सिद्ध झाल्यास, संमतीबाबत स्त्रीचे म्हणणे ग्राह्य धरण्याचे गृहीतक आले. पीडितेच्या ‘अनैतिक’ चारित्र्याचा आधार घेऊन तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा देणारी साक्ष अधिनियमातील तरतूद २००२ मध्ये वगळण्यात आली.

समारोप

कायदा बदलला, तरी ऐकणाऱ्याचे मन आपोआप बदलत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार महाविद्यालयांतील अंतर्गत समित्यांवर आज प्राध्यापकही तक्रारी ऐकतात. ‘ती तेथे का गेली?’ हा प्रश्न ओठांवर येताच तो कोणत्या समजातून आला, हे स्वतःलाच विचारणे, हा या संशोधनाचा त्यांच्यासाठी खरा बोध होय.