पूजेच्या ताटातले अकरा रुपये

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर तांदूळ पसरून त्यावर ताट ठेवीत आणि ताटात अकरा रुपये मांडीत. कागदी नव्हेत, बंदे चांदीचे. पूजेआधी आजी ते चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने खसखसा घासून काढी. वर्षानुवर्षे हा प्रकार चालल्यामुळे व्हिक्टोरिया राणीचे नाक केव्हाच झिजले होते आणि सातव्या एडवर्डच्या दाढीचा तर नुसता उंचवटा उरला होता. पुढे मला जुनी नाणी जमवण्याचा नाद लागला, तेव्हा पहिला धडा मिळाला तो हाच, की नाणे कधी घासू नये. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावीत नाहीत. मी मोठ्या उत्साहाने हा धडा आजीला सांगितला. ती म्हणाली, "अरे, मग लक्ष्मीला काय पारोशी बसवू?" यावरचे उत्तर मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

हा नाद एका नाण्याने लागत नाही. दोन सारखी नाणी शेजारी शेजारी ठेवावी लागतात. त्या अकरांत 1862 सालचे दोन रुपये होते. दिसायला जुळे भाऊ. पण भिंग लावून पाहिले, तर एकाच्या सनापाशी बारीक ठिपके, दुसऱ्याच्या नाहीत. कारण पुढे कळले. 1862 चा साचा एकदा ठरला आणि 1874 पर्यंत टाकसाळी तोच सन छापीत राहिल्या. म्हणजे रुपयावर 1862 लिहिलेले आहे म्हणून तो 1862 साली जन्मला असे मुळीच नाही. मुंबईच्या टाकसाळीने मात्र आपल्या हिशेबासाठी ठिपक्यांची खूण ठेवली. सरकारी सनावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मी एका रुपयाकडून शिकलो.

या एकसारख्या रुपयाच्या आधी आपल्याकडे रुपयांचा नुसता बाजार होता. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा. प्रत्येकाचा कस निराळा, आणि एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मधल्यामध्ये बट्टा कापणार. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे 180 ग्रेन म्हणजेच एक तोळा, आजच्या मापाने 11.66 ग्रॅम. त्यामुळे रुपया हे नाणे होते तसे वजनही होते. 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच आला. तराजूत 80 रुपये टाकले की सरकारी शेर भरला. संस्थानांतून मात्र जुना गोंधळ पुष्कळ दिवस टिकला. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का, त्यावर चारमिनारचे चित्र, आणि भाव असा की सात हाली म्हणजे सहा इंग्रजी. तिकडच्या माणसांचा त्रैराशिकात हात धरणे कठीण जाते, त्याचे मूळ यातच असावे असा माझा आपला तर्क आहे.

आमच्या ताटात 1912 चाही एक रुपया होता. तो पाहिला की 1911 च्या रुपयाची आठवण येते, जो मला अजून मिळालेला नाही. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर हत्तीचे छोटे चिन्ह कोरायचे होते. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली, की लोकांना त्यात डुक्कर दिसले. मुसलमान समाजात मोठा क्षोभ झाला, रुपये परत घेऊन वितळवावे लागले आणि पुढच्या वर्षी ठळक सोंडेचा हत्ती आला. एवढ्या मोठ्या साम्राज्याला नखाएवढ्या हत्तीने माघार घ्यायला लावली.

कॉलेजात असताना मी ते अकराही रुपये एका सराफाच्या काट्यावर तोलून पाहिले. दहा रुपये घासून घासून तोळ्याला किंचित कमी भरले. अकरावा, 1919 चा, चांगला दीड मासा कमी! दगडावर आपटला तर त्याचा आवाज बद्द. सराफ हसून म्हणाले, "हा खोटा आहे. इतकी वर्षे लक्ष्मीला फसवलंत की!"

घरी येऊन मी आजीला ही बातमी दिली. तिला ती चाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक होती. आजोबांच्या पहिल्या पगारात तो रुपया आला होता. देणाराने वाजवून दिला नाही, घेणाराला वाजवून घेण्याचा धीर झाला नाही. "मग बाजारात खपवला का नाहीत?" मी विचारले. आजी म्हणाली, "कुणाला खपवायचा? भाजीवालीला? ती पुढे कुणाला देणार?" त्या दिवसांत एका रुपयाचे 16 आणे, 64 पैसे, 192 पया, त्यावर घरातला आठवडा निघे. तो आठवडा त्यांनी कसा काढला ते ती बोलली नाही.

दुसऱ्या महायुद्धाची नाणी मला सर्वांत जास्त बोलकी वाटतात. 1940 साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि खोटा रुपया ओळखू यावा म्हणून कडेला मधोमध खाच आली. बाजारातून सुटे पैसे नाहीसे झाले. काठेवाडच्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे तुकडे छापून सुट्ट्या पैशांऐवजी चालवले. 1943 मध्ये भोकाचा पैसा निघाला. जुना पैसा 4.86 ग्रॅमचा, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. मधले भोक ही धातूची बचत होती. आयांनी तो पोरांच्या करगोट्यात ओवला, आणि आमच्या वाड्यातल्या नळाला वायसर म्हणूनही मी तो बसवलेला पाहिला आहे. 1947 चा रुपया निकेलचा, पाठीवर वाघ. त्याला लोहचुंबक लावून पाहा, टपकन चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. मुलांना दाखवायला यापेक्षा स्वस्त जादू नाही.

15 ऑगस्ट 1950 पासून राजाचे डोके जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, पैशावर घोडा आणि आण्यांवर बैल आला. आणि मग 1 एप्रिल 1957. (सरकारला हीच तारीख कशी सुचली, यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले.) रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मी आठ वर्षांचा होतो आणि नव्या पैशावरचे 'रुपये का सौवाँ भाग' ही अक्षरे जोडून वाचीत होतो. अडचण अशी की आण्याचे सव्वासहा पैसे, आणि पाव पैसा तर कुठेच नाही. म्हणून तक्ते निघाले: एक आण्याचे 6, दोनचे 12, तीनचे 19, चारचे 25. आमच्या गल्लीतला एक दुकानदार पोरांकडून आणे एकेक करून घेई आणि दर आण्याला सहाच पैसे धरी. अशाने रुपयाचे 96 पैसे होतात. आजीला अक्षरओळख बेताचीच होती. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला चार आण्यांखाली सुट्टे घेऊन दुकानात जाऊ दिले नाही. "चारचे पंचवीस म्हण आणि हात पुढे कर," असे तिने पढवून ठेवले होते.

'नवा' हे विशेषण 1964 साली गळाले. चवली, पावली, अधेली तोंडातून हळूहळू गेल्या. पंचवीस पैशांचे नाणेही 2011 साली चलनातून गेले. सोळा आणे खरे मात्र आपण अजून बोलतोच.

आजी गेल्यावर भावंडांत तिच्या वस्तूंची वाटणी झाली. अकरा रुपये फोडू नयेत असे सगळ्यांनी ठरवले आणि ते माझ्याकडे आले. माझ्या संग्रहातली नाणी कप्प्याकप्प्यांच्या पेटीत कोरडी, न घासलेली, एकमेकांना न लागतील अशी आहेत. हे अकरा मात्र देवघरातल्या डब्यात एकत्र असतात, खोटा रुपया धरून. गेल्या दिवाळीत सूनबाईने विचारले, "बाबा, तुम्ही तर नाणी घासू नयेत म्हणता. मग या रुपयांचं काय करू?"

मी सकाळीच चिंच भिजत घातली होती.