कारखाना हीच शाळा : किर्लोस्करवाडीची माणसे घडविणारी परंपरा

व्यापार असो वा कारखानदारी, भांडवल, माल आणि बाजारपेठ या तीन गोष्टींचा विचार प्रत्येक उद्योजक करतो. परंतु चौथी गोष्ट, म्हणजे हाताखालचा माणूस, ही बहुधा गृहीत धरली जाते. तयार माणूस मिळाला तर ठेवावा, न मिळाल्यास दैवाला दोष द्यावा, अशी सर्वसाधारण रीत आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मात्र असे एक उदाहरण आहे की, जेथे तयार माणसे मिळण्याची शक्यताच नव्हती आणि म्हणून ती घडवावी लागली. ते उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडी होय.

किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दोष असल्याचे लक्षात आल्याने रंगकाम सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. योग्यता असूनही वाट अडविली जाणे म्हणजे काय, याचा अनुभव घेतलेला हा मनुष्य पुढे स्वतः मालक झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. व्यवसाय रुळू लागतो न लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. अशा बिकट प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाने व्यापलेल्या माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. सोबत होते सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे.

अशा आडरानात शिकलेला अभियंता कोठून येणार? लक्ष्मणरावांना जी माणसे लाभली, त्यांच्यापाशी प्रमाणपत्रे नव्हती. शंभोराव जांभेकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले. ते यंत्रज्ञ झाले. अनंतराव फळणीकर यांनीही शाळा पुरी केलेली नव्हती. तेही कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. मंगेशराव रेगे कारकून होते. कारखान्याच्या खजिन्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. के. के. कुलकर्णी यांच्या गाठी पूर्वी यशापेक्षा अपयशच अधिक होते; ते व्यवस्थापक झाले. एवढेच नव्हे, तर शिक्षा भोगलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम सोपविण्याचे धाडसही येथे झाले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला.

या घडणीचे रहस्य कोणते? लक्ष्मणराव स्वतः पुस्तके, विदेशी नियतकालिके व यंत्रांच्या माहितीपत्रकांवरून शिकले होते. त्यामुळे हाताने करीत शिकणे हीच त्यांना ठाऊक असलेली विद्या होती. ओतकामाचा साचा बिघडला तर नुकसान मालकाचे होते, पण त्या बिघाडातूनच कारागीर शिकतो. हे नुकसान शिक्षणाचा खर्च म्हणून सोसण्याची तयारी असेल तरच कारखाना शाळा होऊ शकतो. दुसरी बाब जबाबदारीची. माणूस पूर्ण तयार झाल्यावर काम देण्याऐवजी, काम देऊन त्याला तयार करावयाचे, असा हा क्रम होता. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली तेव्हा याच पद्धतीची कसोटी लागली आणि ती उतरली. पुढे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक येथून निघाले. तेच पुढे महाराष्ट्राचे एक अग्रगण्य मासिक बनले.

प्रशिक्षित माणूस सोडून गेला तर काय, ही शंका प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात असते. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे याचे बोलके उत्तर आहे. भाऊरावांनी ओगले काच कारखान्याचा माल व पुढे किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकले. नांगराच्या विक्रीसाठी शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसावे लागे. तेथे रयतेचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून दिसे. पुढे त्यांनी धनजीशा कूपर यांच्यासह साताऱ्यात नांगरांच्याच कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. व्यापारी हिशेबाने पाहता किर्लोस्करांचा एक विक्रेता गेला आणि एक स्पर्धक वाढला. समाजाच्या हिशेबात मात्र जमा मोठी आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर हजारो मुलांना श्रमातून शिक्षण दिले. आज या संस्थेच्या शेकडो शाखा आहेत.

कारखान्याचाही विस्तार खुंटला नाही. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. अनुभवाच्या विद्येला शास्त्रीय विद्येची जोड मिळाली. १९४१ मध्ये हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुणे व बंगळूर येथे नवे उद्योग उभे राहिले.

या पद्धतीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. ती एका मालकाच्या पारखी नजरेवर अवलंबून होती. उमेदवाराच्या पदरी लेखी हक्क नव्हता. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये करार व विद्यावेतन यांची तरतूद झाली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे. कायदा मुदत ठरवितो, मोबदला ठरवितो. शिकविण्याची आस्था मात्र कायद्याने निर्माण होत नाही.

आपल्या पेढ्यांवरही पूर्वी हीच परंपरा होती. कापडाच्या दुकानी आलेला मुलगा प्रथम ताक्यांच्या घड्या घालावयास, मग पोत ओळखावयास आणि वार मोजावयास शिके. गिऱ्हाइकाशी बोलणे त्यानंतर येई, आणि रोजकीर्द व खतावणी तर विश्वास बसल्यावरच हाती पडे. त्यांतील अनेकांनी पुढे स्वतःची दुकाने थाटली. कित्येकदा पहिला माल जुन्या मालकानेच उधारीवर दिला. आज बारकोड आणि संगणक आले, तरी दुकानात नवा आलेला मुलगा कोऱ्या पाटीसारखाच असतो. त्या पाटीवर काय लिहावयाचे, हे आजही मालकाच्याच हाती आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावर जे यंत्रांच्या अभावीही साधले, ते साधनसंपन्न पेढीवर अशक्य ठरू नये.