दाण्यातले न दिसणारे तेल

श्रोतेहो, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते हे नव्हे. हे धानकऱ्यांचे लहानसे खेडे. १९८३ साली इथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंगाने पिवळसर, दाणाही निराळा. दुसरा कोणी त्या बाकीच्या धानात मिसळून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड चालू ठेवली. त्यातून बारीक दाण्याचे वाण उभे राहिले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून लोकांनी त्याला ‘एचएमटी’ म्हटले. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१८ साली ते निवर्तले.

आता विचार करा, हे साधले कसे? धानाच्या फुलात बहुधा त्याच फुलाचा पराग पडतो. म्हणून वेगळ्या लोंबीचा गुण तिच्या लेकरांत बराचसा तसाच उतरतो. रंग आणि बारीकपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो निवडता येतो. पण दाण्यातले तेल? ते कुठे दिसते?

तेल धान्यातही असते बरे! अख्ख्या, न सडलेल्या तांदळात ते २ ते ३ टक्के असते आणि त्यातले बहुतेक कोंड्यात व अंकुरात साठलेले असते. नुसत्या कोंड्यात ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत भरते. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात १ टक्काही उरत नाही. साळीच्या टरफलात धान वर्षभर टिकते, मात्र कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो, हे आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. सडताना कोंड्यातले तेल आणि ते तेल फोडणारे द्रव्य एकत्र येतात, त्याचा हा परिणाम.

हे न दिसणारे तेल निवडण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय येथे १८९६ साली सुरू झाला. सिरिल हॉपकिन्स या रसायनशास्त्रज्ञाने मक्याची १६३ कणसे घेतली. प्रत्येक कणसाचे काही दाणे तपासायचे आणि उरलेले पेरायचे, अशी युक्ती. तेल सरासरी ४.७ टक्के निघाले. जास्त तेलाची कणसे एकीकडे, कमी तेलाची दुसरीकडे, अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली. शंभर पिढ्यांनंतर पहिल्या घराण्यात तेल सुमारे २० टक्क्यांवर गेले, तर दुसऱ्यात ते १ टक्क्याच्याही खाली उतरले. इतकी चढण एका गुणसूत्राच्या एखाद्या ठिकाणामुळे होत नाही. तेलाचा गुण अनेक जनुकांच्या हाती असतो. एकेक थोडा थोडा हातभार लावतो.

त्यातले एक जनुक २००८ साली नेमके सापडले. गंमत अशी, की त्याचे जास्त तेल देणारे रूप जुने निघाले. कमी तेलाचे रूप नंतर उपजले आणि माणसाच्या निवडीत तेच पसरले. माणूस पाहत होता दुसरेच काही. तेल मात्र नकळत हातचे गेले.

आपल्यासाठी बोध इथे आहे. १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात नांदणारे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे मुलूख. इथल्या ढोल्यांत जुन्या धानाचे, कोदो-कुटकीचे बी अजून कोणी ना कोणी राखून असेल. त्यात तेल जास्तच असेल, असे मी म्हणत नाही. ते तपासल्यावाचून कळायचे नाही. पण बीच हरवले, तर तपासायचे काय?

म्हणून गुरुजनहो, यंदा मुलांना एक काम द्या. घरोघरच्या जुन्या वाणांची एकेक लोंबी आणायची आणि तिच्यासोबत वाणाचे नाव, शेत व साल लिहून ठेवायचे. शेतकरी बंधूंनो, नवे वाण जरूर पेरा, पण बांधीचा एक कोपरा जुन्यासाठी राखा. दादाजींच्या हाती तरी सुरुवातीला काय होते? तीनच लोंब्या!