डिजिटल व्ह्यू कॅमेऱ्याचं डार्करूममधलं कूळ

भात्याच्या व्ह्यू कॅमेऱ्याला मागून मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा जोडायचा, या पद्धतीची वंशावळ साधारण अशी सांगतात: एकोणिसाव्या शतकातला लाकडी कॅमेरा, मग स्वित्झर्लंडचा सिनार, १९९०च्या दशकातले डिजिटल बॅक आणि २०१७ मध्ये बाजारात आलेला फुजीचा जीएफएक्स. त्याला ४×५च्या व्ह्यू कॅमेऱ्यावर बसवणारा अडॅप्टर कंपनीनेच काढला. ही वंशावळ अर्धीच आहे. माझ्या मते या जोडणीचं खरं कूळ डार्करूममधल्या एन्लार्जरचं आहे, आणि त्याचा मूळपुरुष पॅरिसचा यंत्रकार ज्यूल कार्पांतिए.

ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ ज्याच्या कारखान्यात घडला, तोच हा. १८९२ मध्ये त्याने ‘फोटो-जुमेल’ आणला: दुर्बिणीच्या आकाराचा कॅमेरा, निगेटिव्हची काच अवघी ४.५×६ सेंटिमीटरची. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८×३२.९ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास त्याच पंक्तीतला. एवढ्याशा काचेवरचं चित्र पाहायचं तर ते मोठं करणं आलंच.

पण फोटो-जुमेलचा सांगाडा ताठ. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर केला की तिच्या उभ्या कडा माथ्याकडे एकमेकींजवळ येणार. हा दोष मग एन्लार्जरमध्ये काढायचा. काच आणि कागद तिरपे केले की कडा सरळ होतात, पण फोकस बिघडतो. तो सांभाळायचा तर काच, लेन्स आणि कागद यांची प्रतलं वाढवल्यावर एकाच रेषेत मिळाली पाहिजेत. कार्पांतिएच्या १९०१च्या ब्रिटिश पेटंटात हे सूत्र आहे. त्याच्या ताठ कॅमेऱ्यानेच त्याला या सूत्रापर्यंत नेलं, असा माझा तर्क आहे.

पुस्तकांत मात्र या नियमाला नाव आहे ऑस्ट्रियन अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुगचं. बलूनमधून घेतलेल्या तिरप्या फोटोंचे नकाशे करायचे, हा त्याचा ध्यास. १९०४च्या पेटंटात त्याने या विचाराला व्यापक गणिती रूप दिलं आणि तिथेच कार्पांतिएचा उल्लेखही केला. श्रेय शाइम्पफ्लुगला जरूर द्यावं. पण मान पहिल्याचा.

यावर कुणी म्हणेल, मागची फळी कलती करायची सोय लाकडी कॅमेऱ्यांत त्याआधीच होती. होतीच. पण ती डोळ्यांच्या अंदाजाने चाले. तिला नियम मिळाला तो चित्र मोठं करणाऱ्या आणि नकाशा सुधारणाऱ्या यंत्रांकडून.

दुसरा पुरावा लेन्सचा. ६×६च्या निगेटिव्हसाठी बनवलेली ८० मिलिमीटरची एन्लार्जर लेन्स सुमारे ७९ मिलिमीटरचा कर्ण व्यापते. जीएफएक्सच्या सेन्सरचा कर्ण साधारण ५५. उरलेली जागा लेन्स सरकवायला मिळते. फिल्मच्या काळात या लेन्सची पहिली अडचण, तिला शटर नसतं. डिजिटल बॉडी स्वतःचं शटर घेऊन आली आणि ती अडचण गेली.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या खोलीची होती. आरशाच्या हॅसलब्लाड ५०० मालिकेत माउंटपासून फिल्मपर्यंत ७४.९ मिलिमीटर जातात. ८० मिलिमीटरच्या लेन्सने दूरचं दृश्य टिपायचं तर भात्याला पाच मिलिमीटरच उरतात. आरसा नसलेल्या जीएफएक्सच्या २६.७ मिलिमीटरमुळे पन्नासच्या वर मिळतात.

लहान लेन्ससाठी हातही हलका हवा. लेन्स जमिनीपासून ९२ सेंटिमीटरवर, कॅमेरा समतल आणि सगळी फरशी फोकसमध्ये हवी, तर १५० मिलिमीटरची लेन्स सुमारे ९.४ अंश कलवावी लागते. ८०ची फक्त ५. अर्ध्या अंशाची चूकही इथे जवळपास दुपटीने भोवते. म्हणून बारीक आट्यांच्या स्क्रूचा स्टँड घ्यावा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून जवळचा आणि लांबचा बिंदू आलटून पालटून तपासावा. आणि लेन्स नवी घेण्याआधी बंद पडलेल्या डार्करूमचं कपाट उघडून पाहावं. घराण्याची मिळकत तिथेच आहे.